संगमेश्वरकडचं चिऱ्याचं घर रंगवायचंय – रंगारी गावातला घ्यावा की पुण्याहून न्यावा?

पडवी_ओटी:
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर आहे. आई-बाबा आता तिथेच कायमचे राहायला गेलेत. बाहेरून जांभा उघडा, आतून गिलावा. रंगवायच्या भिंती साधारण 1500 चौरस फूट भरतील, शिवाय सागवानी दारं-खिडक्या.

चार वर्षांपूर्वी पुण्याहून एक ठेकेदार नेला होता. गणपतीच्या तोंडावर, ऐन श्रावणात, आठ दिवसांत त्याने आतून सगळीकडे ऑइलपेंट आणि बाहेरच्या चिऱ्यांना चकचकीत लॅकर मारून दिलं. गणपतीत घर झळकत होतं. दिवाळीला गेलो तर माजघराच्या मागच्या भिंतीवर तळहाताएवढे फुगे! एक नखाने फोडला तर पाणी ओघळलं आणि मागे पांढरा खार दिसला. चिऱ्यावरचं लॅकर दुधाळ होऊन सुटतंय. आईला दमा आहे, त्यामुळे त्या भिंतीवरच्या बुरशीची मला फार काळजी वाटते.

यंदा रंगारी कुठून घ्यावा, कधी बोलवावा, काय ठरवून घ्यावं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

कापसाळ:
गावातलाच घ्या. पंचक्रोशीतल्या रंगाऱ्याला कुठल्या भिंतीला झड लागते हे सांगावं लागत नाही. पण नुसत्या ओळखीवर काम देऊ नका. त्याने तीन पावसाळ्यांपूर्वी रंगवलेली दोन घरं बघून या. समोरची बाजू सगळ्यांचीच चांगली असते. तुम्ही नैऋत्येची भिंत आणि न्हाणीघराची मागची बाजू बघा. घरच्या बाईमाणसांना विचारा, काम संपल्यावर फरशीवरचे डाग कोणी पुसले? त्या उत्तरातून माणूस कळतो.

वेळेचं म्हणाल तर गणपतीआधी रंग द्यायची आपल्याकडची हौस मला समजते, मलाही आहे. पण तेव्हा भिंत पाणी पिऊन बसलेली असते. मार्चपासून मे संपेपर्यंत गडीमाणूस आंब्यात अडकतं. म्हणून दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ धरा. गणपतीला फक्त मखराची भिंत पुसून घ्या.

रंगाऱ्याची_लेक:
माझ्या वडिलांनी आयुष्यभर रंगकाम केलं, सुट्टीत मीही लांबी (पुट्टी) घासायला जायचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई/दादा, तुमचा रंग वाईट नव्हता, भिंत ओली होती. जांभा सच्छिद्र असतो, जोत्यातून आणि बाहेरून पाणी ओढतो. आतून ऑइलपेंटचा आणि बाहेरून लॅकरचा थर लावल्यावर त्या पाण्याने जायचं कुठे? ते क्षार घेऊन रंगामागे साठतं आणि फुगे येतात. त्यामुळे रंगाऱ्याला बोलवण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. फुटका नळा (कौल), तुंबलेली पन्हळ, जोत्याला टेकलेली माती, आणि पागोळ्या (छपराच्या कडेवरून पडणाऱ्या धारा). पागोळ्यांचं पाणी खळ्यात (अंगणात) आपटून भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर उडतं, तिथलं शेवाळ बघा म्हणजे पटेल. पागोळ्यांच्या रेषेत जाड खडी पसरली तरी उडणं बरंच कमी होतं.

भिंत वाळली का ते बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आत थेंब जमले तर थांबा. नवा गिलावा केला असेल तर त्याला निदान 28 दिवस द्या.

मागच्या भिंतीचा ऑइलपेंट पूर्ण खरवडून तिथे चुनाच लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि बुरशीही सहज धरत नाही. ऑइलपेंटवर मात्र चुना टिकत नाही, म्हणून खरवडणं टाळू नका. बाकीच्या कोरड्या भिंतींना प्रायमर आणि इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात, म्हणजे दोन थर, पुरे. दोन हातांना लिटरमागे 50 ते 60 चौरस फूट धरा, म्हणजे सगळ्या 1500 फुटांना 25 ते 30 लिटर; चुन्याची भिंत त्यातून वजा करा. लांबी खड्ड्यांपुरतीच भरा, ओल्या भिंतीवर तर अजिबात नको.

खरवडताना आईंना दुसरीकडे ठेवा. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. दारांवर त्याआधीचे थर असतील तर सुकं घासू नका. वॉटर पेपरने ओलं घासा, मास्क लावा, गाळ अंगणात झाडू नका.

ठरवताना कागदावर लिहा: हात किती, प्रायमर कुठे, परांची कोणाची, खरवडण्याची मजुरी वेगळी की धरून. माल तुम्ही आणा आणि डबा तुमच्यासमोर फोडा. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. डब्यातलं टोकन (कंपनीचं बक्षिसाचं कुपन) रंगाऱ्याचं असतं, ते त्याला घेऊ द्या. उचल चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका, पण काम झाल्यावर एक दिवसही पैसे अडकवू नका. वडील पैशांसाठी लोकांच्या दारी खेटे घालायचे, ते मी पाहिलंय.

निळी_बादली:
मोठ्या कंपन्यांची माणसं वॉरंटीसकट काम करून देतात. फ्लॅटमध्ये माझा अनुभव चांगला आहे. चिऱ्याच्या घराला घेणार असाल तर जमिनीतून चढणाऱ्या ओलीबद्दल त्या कागदावर काय लिहिलंय ते सहीआधी वाचा.

सडा_वारा:
उघड्या चिऱ्याबद्दल. चकचकीत लॅकर परत नको. आधीचं काढायला रिमूव्हर कोपऱ्यातल्या एका चिऱ्यावर लावून बघा, नायलॉनच्या ब्रशने घासा. ॲसिड लावू नका, दगड खातो. दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) निघाल्या असतील तर त्या आधी भरा. मग दगडात मुरणारं सिलेन-सिलॉक्सेनचं पाणीरोधक मारा, त्याची पापुद्र्यासारखी साय धरत नाही. दरवर्षी वैशाखात चिऱ्यावर ओंजळभर पाणी मारा: थेंब घरंगळले तर ठीक, दगड लगेच काळवंडला तर पुन्हा हात द्यायची वेळ झाली. आम्ही झडीच्या बाजूला अजून झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधतो. दिसायला साधी, पण भिंत राखतात.

बुरशी काढायला पातळ केलेलं ब्लीच चालतं, मात्र ते संडास धुवायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

रंगाऱ्याची_लेक:
दारांचं राहिलं. दार बिजागरीतून काढून आडवं करा आणि खालची कड हाताने चाचपा. बहुतेक ती कोरी, खरखरीत लागेल. तिथूनच लाकूड पाणी पितं आणि आषाढात दार अडकतं. वडील आधी ती कड रंगवायचे, मग दर्शनी बाजू. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पडवी_ओटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईच आहे मी. कार्तिकात जाऊन आले. प्लॅस्टिकचे तुकडे तीन ठिकाणी लावले: ओटी कोरडी, माजघराची पुढची बाजू कोरडी, मागच्या भिंतीवर सकाळी मोठे थेंब. मागे जोत्याला दीड फूट माती चढली होती, ती बाबांनी गडी लावून काढून घेतली. शेजारच्या वाडीतला रंगारी ठरलाय. त्याने भिंतीवर टिचक्या मारून बघितलं आणि म्हणाला, "ही भिंत आता खरवडून ठेवतो, पण चुना माघात." ओटीचं काम सोमवारपासून. आई तेवढे दिवस मावशीकडे.

रंगाऱ्याची_लेक:
माणूस बरोबर मिळालाय. चुना लावताना त्याला चष्मा घालायला सांगा, डोळ्यात उडाला तर फार भाजतं.