मदत हवी आहे: रेनेसाँस फेअर आणि शाकाहारी सासूबाई

रानजाई: या शनिवारी आम्ही घरची सगळी मंडळी रेनेसाँस फेअरला, म्हणजे जुन्या काळच्या युरोपच्या थाटाच्या जत्रेला, जाणार आहोत. सासूबाई कडक शाकाहारी आहेत, सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि मुलाला घोडेस्वारांची झुंज पाहायचीच आहे. आत डबा नेऊ देतात का, हे कृपया लवकर सांगावे. जुने धागे चाळायला वेळ नाही.

टेकडीवरचा: कुठल्या फेअरला? 1963 साली लॉस एंजेलिसला अशी पहिली जत्रा भरली आणि आता ती टेक्साससह अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत भरते. नियम सगळीकडे सारखे नसतात. मुलाचे वय आणि तिकिटांचे काय, हेही लिहावे.

रानजाई: अर्थातच मेरीलँडच्या, क्राउन्सव्हिलच्या. मुलगा चार वर्षांचा आहे. तिकिटे तिथेच काढू.

जुना अ‍ॅनापोलिसकर: तिकिटे आजच, घरबसल्या काढावीत. ती ठरावीक तारखेची असतात आणि ऊन छान असेल तर शनिवारची आधीच संपतात. दार दहाला उघडते. त्याआधी पोहोचल्यास गाडी जवळ लावता येते, नाहीतर उन्हात शेतातून चालत यावे लागते आणि सासऱ्यांची शक्ती तिथेच खर्च होते. झुंजीच्या वेळी बाकांना पाठ नसते, म्हणून त्यांना खालच्या ओळीत बसवावे. घोडे समोरून दौडत गेले की धुरळा थेट तोंडावर येतो आणि भाला ढालीवर आपटून कडाडला की लहान मुले दचकतात, तेव्हा मुलाला मांडीवर घ्यावे.

पोळीभाजी: डबा आत चालत नाही, तो गाडीत ठेवावा. मात्र बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतात का, हे दारावर विचारूनच बाहेर पडावे. टर्की पक्ष्याची तंगडी तळली त्याच तेलात बटाटे तळत नाहीत ना, हेही प्रत्येक दुकानात विचारावे.

टेकडीवरचा: टर्कीची तंगडी तळत नाहीत, भाजतात.

पोळीभाजी: मग चिकन तळत असतील. प्रश्न कढईचा आहे.

बखरवाचक: सासूबाईंनी खुशाल नऊवारी नेसावी. क्राउन्सव्हिलच्या जत्रेतल्या रेव्हल ग्रोव्ह या काल्पनिक गावात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा दरबार भरतो. तो 1509 मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. म्हणजे आपल्याकडचा पोशाखही त्याच काळातला म्हणता येईल.

जुना अ‍ॅनापोलिसकर: पोशाखाचे कोणी विचारलेले नाही, आणि आदिलशाहीच्या काळात नऊवारी आजच्यासारखीच नेसत असत, हे आपण कशावरून ठरवले?

बखरवाचक: तिथल्या अर्ध्या लोकांच्या अंगावरचे कपडे तरी कुठल्या शतकातले असतात?

रानजाई: कृपया मुद्द्यावर यावे. शनिवारची तिकिटे संपली आहेत, म्हणून रविवारची काढली. सासऱ्यांसाठी चाकाची खुर्ची न्यावी का?

जुना अ‍ॅनापोलिसकर: ते सलग किती चालू शकतात?

रानजाई: घरातल्या घरात चालतात. जिना चढत नाहीत.

जुना अ‍ॅनापोलिसकर: हे पहिल्याच प्रश्नात यायला हवे होते. खुर्ची न्यावीच, आणि मागची चाके मोठी असलेली न्यावी. वाटा मातीच्या आणि झाडांच्या मुळांच्या आहेत, लहान चाके रुततात. खुर्चीसाठी राखलेली जागा कुठे आहे, हे झुंजीच्या मैदानावर आधी पाहून ठेवावे आणि दिवसातली पहिलीच झुंज गाठावी.