‘लंडनला नेली म्हणून वाचली’ म्हणणाऱ्यांसाठी

शिलालेखप्रेमी: कालच्या पोस्टमध्ये एका महाशयांनी ठोकून दिलंय, ‘आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने नेली, नाहीतर स्थानिकांनी ती भाजून त्यांचा चुना पाडला असता.’ पाडला होता, मान्य. पुढचंही सांगा ना! वॉल्टर इलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४५ मध्ये खणून काढलेली शिल्पं मद्रासला उन्हापावसात पडली. १८५९ मध्ये लंडनला रवाना. पुढे वास्तुकलेचा इतिहासकार फर्ग्युसनला सापडली ती लंडनमधल्या फाइफ हाउस या इमारतीच्या बग्गीखान्यात. म्युझियमात आली थेट १८८० ला.

कात्रणवाला: म्हणून आजची जपणूक खोटी ठरते का? दगड आंध्रातल्या पलनाडचा चुनखडक. धुरातला गंधक लागला की वरच्या थराचं जिप्सम होतं, पापुद्रे सुटतात, नाकडोळे जातात. आज ती काचेआड, आर्द्रता सांभाळलेल्या दालनात आहेत. चेन्नईत याच स्तूपाची शिल्पं भिंतीत सिमेंटने बसवली होती, क्षार दगडात उतरले.

शिलालेखप्रेमी: आणि गंधकाचा धूर कुठल्या शहरातला हो? जपणुकीचे गोडवे गाताना १९३८ आठवा. याच म्युझियमात पार्थेनॉन या ग्रीक मंदिराची शिल्पं पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी नि कार्बोरंडम या घासायच्या कठीण पदार्थाने घासली. वरचा मूळ थर गेला तो गेलाच.

नोंदवही: भांडताय कशावर? अमरावतीच्या शिल्पांचा म्युझियमातला नोंदणी क्रमांक बघा: १८८०,०७०९.१. आधी वर्ष, मग महिना-तारीख, मग अनुक्रमांक. तारीख दाखल झाल्याची, खणल्याची नव्हे. खरा घोळ बिननोंदीच्या वस्तूंचा. २०२३ मध्ये म्युझियमच्या दोनेक हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा मोडलेल्या निघाल्या. रत्नं, दागिने. बऱ्याचशांची धड नोंदच नाही. फोटो नाही, वजन नाही, मग बाजारात दिसलं तरी ‘हे आमचं’ कसं सिद्ध करणार?

कात्रणवाला: ऐंशी लाख वस्तू आहेत, साहेब. बसा मोजत.

नोंदवही: म्युझियम निघाल्यापासून २७० वर्षं होती की मोजायला! नखाएवढ्या रत्नावर क्रमांक लिहायला जागा नसते, तो डबीवर जातो. डबी बदलली की ओळख संपली. म्हणून फोटो आणि वजन आधी, डबी नंतर.

कायदेपंडित: विषय शिल्पं परत देण्याचा होता ना? १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्याने तिथल्या विश्वस्तांचे हात बांधलेत. डुप्लिकेट किंवा ठेवण्यालायक नसलेली वस्तू, असे मोजके अपवाद सोडले तर काही देता येत नाही.

शिलालेखप्रेमी: डुप्लिकेट! १९५० पासून याच म्युझियमने आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याच्या पितळी पाट्या ‘डुप्लिकेट’ ठरवून विकल्याच की. साच्यातला मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतलेलं काम ते. दरवेळी साचा फोडावा लागतो. दोन पाट्या हुबेहूब निघतील कशा?

कात्रणवाला: बरं बाबा, तो विक्रीचा मुद्दा तुमचा. काचेच्या दालनाबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.