बाहुली, बुबुळ की कनीनिका?

अनुवादिका, दादर
डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. अपघातात चेहरा इतका सुजतो की पापण्या उघडतच नाहीत, मग टॉर्च मारून प्युपिल, म्हणजे डोळ्याच्या मधलं काळं भोक, बघणार कसं? अशा वेळी मिटल्या पापणीवर जेल लावून अल्ट्रासाउंडचा प्रोब अलगद टेकवतात, उजेड टाकतात आणि पडद्यावरचं काळं वर्तुळ आकसतं का ते मोजतात. उजेड दुसऱ्या डोळ्यावर टाकला तरी चालतो, कारण दोन्हीकडची प्युपिल एकदमच आकसते. मी 'डोळ्याची बाहुली' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'कनीनिका' केलं. म्हणे, बाहुली पोरकट वाटते. तुम्ही काय लिहाल?

गिरगावकर
बुबुळ लिहा की. आमच्या घरी सगळे बुबुळच म्हणतात.

वॉर्डातली सिस्टर, परळ
बुबुळ नको हो! 'घारी बुबुळं' म्हणतो तेव्हा तो रंगीत भाग असतो, नेत्रदानाच्या पत्रकात तेच बुबुळ म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा. बाहुली म्हणजे मधलं भोक. रात्रपाळीत आम्ही पुन्हा पुन्हा तेच बघत असतो. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडाला हलेना, तर आत सूज किंवा रक्तस्राव वाढून मेंदूतून डोळ्याकडे येणारी तिसरी नस दाबली जात असेल, धावायचं असतं. एका आजींना मी 'बुबुळं तपासतोय' म्हटलं, तर त्या रडायलाच लागल्या, "माणूस अजून जिता आहे, डोळे कशाला काढता?" तेव्हापासून मी तो शब्द सोडला.

मास्तर, पार्ले
बाहुली पोरकट असेल तर कनीनिकाही तितकीच पोरकट. तिच्या मुळाशीही लहान मुलगीच आहे. लॅटिन प्युपिला म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. ग्रीक कोरे म्हणजे मुलगी आणि डोळ्यातली बाहुलीही. हिंदीत पुतली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं, त्यावरून हे सगळं आलं.

भुलेश्वर
शेजारचे गुजराती 'कीकी' म्हणतात. लहान मुलीलाही कीकीच!

गिरगावकर
बाहुली 'बाहू'वरून आली असणार. हातावर खेळवतात ती.

मास्तर, पार्ले
नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. जुनी रूपं दाखवा, मग मानतो.

अनुवादिका, दादर
बरं, अल्ट्रासाउंडचं काय करू? 'श्राव्यातीत ध्वनिचाचणी' सुचवलं आहे.

मास्तर, पार्ले
उत्तम शब्द. २०,००० हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी, शाळेच्या विज्ञानातच शिकवतो. आपण वापरलाच नाही तर तो रुळणार कधी?

वॉर्डातली सिस्टर, परळ
मास्तर, रात्री दोन वाजता आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईवर शब्द रुळवायचा नसतो. तिला सोनोग्राफी कळते.

भुलेश्वर
पण सोनोग्राफी म्हटलं की पोटच आठवतं. १९९४चा कायदा आला, गर्भलिंगनिदान होत नाही अशा पाट्या लागल्या, आणि शब्द गरोदरपणाला चिकटला तो चिकटलाच. माझ्या वडिलांच्या कागदावर सोनोग्राफी लिहिलेली बघून आई गोंधळली होती.

वॉर्डातली सिस्टर, परळ
म्हणून 'डोळ्याची सोनोग्राफी' म्हणायचं, आणि पापणी न उघडता करतात हे लगेच सांगायचं. भीती तिथेच निम्मी होते.

गिरगावकर
बाहुलीवरून आठवलं, आमची कोकणातली आजी खेळण्यातलीला 'बावली' म्हणायची. डोळ्यातलीलाही तेच म्हणतात का तिकडे? कुणाच्या घरी ऐकलंय?