आठ आठवडे प्लास्टरचा पाय! एवढं घोटून घेण्यात खरंच काही अर्थ आहे का?

धागाकर्ता: चित्रकलेच्या क्लासला दोन महिने पुतळ्याच्या एकाच प्लास्टरच्या पायाचं चित्र काढतोय, जिवंत माणूस अजून दिसला नाही. सर म्हणतात पॅरिसला एकोल दे बोझार या कलाशाळेत असंच होतं, आधी छापील चित्रांची नक्कल, मग पुतळे, मग कुठे न्यूड मॉडेल. होतं म्हणून बरोबर का? बार्ग आणि जेरोमचा ड्रॉइंग कोर्स (१८६६ ते ७१) बघा, नक्कल करायला १९७ प्लेट्स, म्हणजे छापील चित्रं! तेवढ्यात माणूस म्हातारा होईल.

चारकोलवाला: त्याच प्लेट्स व्हॅन गॉगने १८८० च्या सुमारास स्वतःहून घरी बसून काढल्या, कुणी छडी घेऊन उभं नव्हतं. आणि ती पद्धत कळली की चिडचिड कमी होते. आधी सरळ रेघांनी बाहेरचा आकार बांधायचा, मग सावलीची हद्द, शेडिंग सगळ्यात शेवटी. पाय हलत नाही म्हणून चूक आपलीच असते हे कळतं. माणसासमोर आपण लगेच म्हणतो मॉडेल हलली.

धागाकर्ता: पण माणूस हलतोच ना. तिकडे मॉडेलसुद्धा आठवडाभर एकाच पोझमध्ये, मग हालचाल कुठून येणार चित्रात?

चारकोलवाला: फ्रेंच चित्रकार देगा १८५५ ला त्याच एकोलमध्ये शिकायला गेला होता. त्याच्या नर्तकी बघ आणि मग बोल.

रेघोट्या: देगा तिथे फार टिकला नाही हो, सोयीचं तेवढंच सांगू नका. आणि माझा मुद्दा वेगळाच आहे. एकोलने बायकांना १८९७ पर्यंत घेतलंच नाही. फिगर ड्रॉइंग, म्हणजे माणसाचं शरीर काढणं, जमलं तरच मोठा चित्रकार असं ठरवायचं आणि अर्ध्या लोकांना दारातच अडवायचं. अमेरिकेत ईकिन्स या चित्रकार-शिक्षकाने मुलींच्या वर्गात पुरुष मॉडेलची लंगोटी काढली तर १८८६ ला नोकरी गेली त्याची.

चारकोलवाला: ते शंभर टक्के मान्य, पण तो दोष दाराचा, ड्रॉइंगचा नाही.

रेघोट्या: ड्रॉइंगचाही आहे की. सुंदर शरीर म्हणजे ग्रीक पुतळा, हेच डोक्यात बसतं. मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं तेव्हा विलायती धर्तीचं शिक्षण इकडेही आलं, 'अँटिक' (जुन्या पुतळ्यांवरून ड्रॉइंग) हा शब्द अजून ऐकू येतो. नऊवारीतली बाई काढताना अपोलोचा काय उपयोग?

चारकोलवाला: चित्रकार धुरंधर जेजेमध्येच शिकले आणि त्यांच्या नऊवारीतल्या बायका बघा. निऱ्यांच्या आत गुडघा कुठे आहे ते बरोबर कळतं.

धागाकर्ता: बरं, गुडघ्यासाठी अजून एक महिना देतो. पण सरांना सांगणार, निदान पाय तरी बदला.