ग्लायडरसाठी सेकंडहँड फ्लाइट रेकॉर्डर (उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र) घ्यावे का? मदत हवी आहे

नमस्कार. मी इंदूरला राहतो आणि सुट्टीत ग्लायडिंग (इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानातून उड्डाण) करतो. सिल्व्हर या ग्लायडिंगमधल्या कौशल्याच्या बॅजसाठी ५० किलोमीटर अंतर, ५ तासांचे उड्डाण आणि १००० मीटर उंचीवाढ यांचा पुरावा लागतो, म्हणून खिशात मावेल असे, आयजीसी (आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोग) पद्धतीची उड्डाण-नोंदीची फाइल देणारे यंत्र घ्यायचे आहे. साधे जीपीएस यंत्र स्वस्त पडते. पण त्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सर नसेल तर उंची केवळ उपग्रहांवरून ठरते, आणि तीत आडव्या स्थानापेक्षा चूक जास्त असते. शिवाय पुढे डायमंड या वरच्या बॅजचा विचार केला (स्वप्नांना पैसे पडत नाहीत!) तर आयजीसीमान्य रेकॉर्डरच लागेल. असे यंत्र वापरलेले घेताना कॅलिब्रेशनचा (मोजमाप अचूक आहे का, या तपासणीचा) दाखला, शाबूत सील आणि आतली बॅटरी यांखेरीज काय तपासावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.