रीपरमध्ये प्लगइन नीट लावायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी घरीच रीपरवर (गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) अभंग आणि भावगीतं मिक्स करतो. प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्राम) इतके साठलेत की पखवाजाची डाव्या बाजूची घूम जरा आवरायची म्हटलं तरी हवा तो ईक्यू (आवाजातला खर्ज-तार भाग कमी-जास्त करणारा प्लगइन) शोधण्यातच लय तुटते.

आता एफएक्स ब्राउझरमध्ये (रीपरमधली प्लगइनची यादी) कामानुसार फोल्डर करतोय: ईक्यू, कंप्रेसर (आवाजातले चढ-उतार आवरणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा) वगैरे. कंपनीनुसार लावण्यात मला अर्थ वाटत नाही, काम करताना डोक्यात कंपनीचं नाव येतच नाही. पेटी आणि तबल्याच्या एफएक्स चेनही (एकामागोमाग लावलेल्या प्लगइनचा तयार संच) सेव्ह केल्यात, त्याचा फार फायदा होतो.

खरी अडचण दुहेरी नोंदींची आहे. बरेच प्लगइन व्हीएसटी २ आणि व्हीएसटी ३ (प्लगइनचे जुना आणि नवा असे दोन फॉरमॅट) असे दोनदा दिसतात. जुने प्रोजेक्ट व्हीएसटी २ वरच आहेत, त्यामुळे ते काढले तर प्रोजेक्ट उघडताना प्लगइन सापडणार नाहीत. न काढता नुसते यादीतून लपवायची चांगली पद्धत कोणती?

शिवाय हेच फोल्डर लॅपटॉपवरही हवेत. 'रीपर-एफएक्सफोल्डर्स डॉट आयएनआय' ही फाईल तिकडे कॉपी केली की भागतं, की आणखी काही न्यावं लागतं? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.