विज्ञानपटांतील तलवार : विद्या घेतली की केवळ देखावा?

मूळ मांडणी (दर्यापूर)

विज्ञानपटांनी खऱ्या तलवारविद्येतून पवित्रा घेतला, परंतु शस्त्राची शिस्त मागेच ठेवली, असे माझे मत आहे आणि त्यावर येथे साधकबाधक चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

या चित्रपटांचा उगम खोटा नव्हता. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) कथेवर जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ सालच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या चित्रपटाचा प्रभाव असल्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी स्वतः सांगितले आहे. ‘स्टार वॉर्स’मधील प्रकाशाचे पाते असलेल्या काल्पनिक तलवारीची मूठ दोन्ही हातांनी धरून उभे राहण्याची पद्धत जपानी तलवारविद्येची आठवण करून देते. पुढे १९८० आणि १९८३ च्या भागांत खलनायक डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात अनेक द्वंद्वे प्रत्यक्ष खेळणारे बॉब अँडरसन हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेले तलवारपटू होते. म्हणजे जाणकार माणसे हाताशी होती. तरीही पडद्यावर बहुतेक वार प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर न जाता त्याच्या पात्यावरच जातात, अंतर राखण्याची निकड दिसत नाही आणि पाठ वळवून गिरकी घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. आपल्या आखाड्यात नवख्या मुलाला वस्ताद जे पहिल्या महिन्यात करू देत नाहीत, तेच तेथे निपुणतेचे लक्षण ठरते. पाहणाऱ्याच्या मनात तलवारीविषयी जी समज रुजते ती याच दृश्यांतून, म्हणून हा प्रश्न मला केवळ करमणुकीचा वाटत नाही.

प्रतिसाद (पुसद)

आपली मांडणी आदरपूर्वक वाचली, परंतु मला ती मान्य नाही.

प्रकाशाच्या पात्याला वजन नाही आणि त्याला एकच धार अशी नाही. ते कोणत्याही बाजूने कापते. खरी लढाऊ तलवार साधारणपणे १ ते १.५ किलो वजनाची असते आणि तिचा वार धार सरळ लागली तरच उतरतो. तिरपी लागली तर तो घाव न होता नुसता तडाखा होतो. हे बंधन ज्या शस्त्राला नाही, त्याची चाल वेगळीच असणार. काल्पनिक शस्त्राला खऱ्या शस्त्राचे नियम लावणे म्हणजे विज्ञानकथेकडून तिची कल्पनाशक्ती काढून घेणे होय.

दुसरे असे की, १९७७ च्या चित्रपटातील द्वंद्व संथ असण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. त्या वेळच्या तलवारीत प्रकाश परावर्तित करणारे वेष्टन लावलेली फिरती कांडी बसवलेली होती आणि ती जोरदार आघाताने मोडत असे. साधनांच्या मर्यादेतून आलेल्या गोष्टीला आपण शैलीचा दोष मानू नये.

शिवाय भाऊ, आपल्या मिरवणुकीत तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापतात, ती तरी लढाई आहे का? तेही प्रात्यक्षिकच आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. तेव्हा पाहणाऱ्यांना त्यातून जे गवसले, त्याला आपण देखावा म्हणून कमी लेखत नाही.

प्रतिसाद (दर्यापूर)

लिंबाचा दाखला आपणच दिला हे बरे झाले, कारण तो माझ्या बाजूचा आहे. तळहात शाबूत ठेवून लिंबू कापायचे असेल तर पाते कोठे थांबेल हे खांद्यापासून टोकापर्यंत ठाऊक असावे लागते. ते प्रात्यक्षिक असले तरी त्यात शस्त्राचा नियम मोडलेला नसतो.

आता धारेविषयी. केंडो या जपानी तलवारबाजीच्या खेळातील शिनाई ही सरावाची तलवार बांबूच्या चार पट्ट्यांची असते, तिला धार मुळीच नसते. तरीही तिच्या एका बाजूने दोरी ताणून बांधलेली असते, ती पात्याची पाठ समजली जाते आणि तिच्या विरुद्ध बाजू ही धार. फटका त्या मानलेल्या धारेने बसला नाही, किंवा फटक्यानंतर खेळाडूची सावधता ढळली, तर गुण मिळत नाही. बिनधारेच्या शस्त्रावरही धारेची शिस्त कशी पाळता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. म्हणून ‘पाते काल्पनिक आहे’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

उलट ज्यांनी नवा नियम घडवला आणि तो काटेकोरपणे पाळला, त्यांच्याविषयी मला आदर आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या कादंबरीत (१९६५) योद्ध्याच्या अंगाभोवतीचे संरक्षक कवच वेगाने येणारी वस्तू अडवते, परंतु संथपणे सरकणारे पाते त्यातून आत जाऊ देते. त्यामुळे बंदूक निरुपयोगी होते, सुरी आणि तलवार परत येतात, आणि लढणाऱ्याला वेगाने फसवून संथ वार करावा लागतो. तिच्यावरील २०२१ च्या चित्रपटात सराव-द्वंद्वाच्या प्रसंगी हा नियम डोळ्यांना दिसतो. माझी मागणी एवढीच आहे.

प्रतिसाद (आर्वी)

मी आमच्या गावात मुलींना लाठी आणि दांडपट्टा शिकवते, त्यामुळे या दोन्ही मतांमध्ये मला एक उणीव जाणवते. आपण दोघेही जपान आणि युरोपविषयी बोलत आहात. पट्ट्याची मूठ पात्याला आडवी असते, हात कोपरापर्यंत लोखंडी आवरणात असतो आणि मनगट वळतच नाही. म्हणून सगळी फिरत खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून काढावी लागते. नव्या मुली मनगटाने फिरवायला जातात आणि दंड दुखून आल्यावर थांबतात. पाऊल सुटले की मगच पट्टा सुटतो. हाताचाच भाग झालेले शस्त्र ही कल्पना विज्ञानपटाला किती जवळची आहे! २०२४ साली दांडपट्ट्याला महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला, पण भविष्यकाळातील योद्ध्याच्या हातात तो द्यावा असे आपल्याकडच्या चित्रपटकारांच्या मनात का येत नाही, हे मला कळत नाही.

चित्रपट पाहून माझ्याकडे आलेल्या मुली आहेत. त्या गिरकी घेऊनच येतात, आणि ती गिरकी सोडवण्यात पहिले काही आठवडे जातात. तरीही त्या आल्या, हे मी चित्रपटाचे श्रेय मानते. म्हणून दर्यापूरच्या दादांइतकी कठोर मी होऊ शकत नाही.

प्रतिसाद (पुसद)

ताई, पट्ट्याविषयीचे आपले म्हणणे मनाला पटले, परंतु त्यामुळे माझी मूळ भूमिका बदलत नाही, उलट बळकट होते. तलवारविद्या कधीच एका जागी बंद नव्हती. नागपूरच्या रघूजी भोसले यांच्या नावाची जी तलवार राज्य शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून परत मिळवली, तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे आणि मूठ येथल्या वळणाची. आमच्या पूर्वजांनी परक्याचे पाते घेतले आणि त्याला आपल्या हाताची मूठ बसवली. चित्रपटही हेच करतो. फरक इतकाच, की त्याच्यासमोर शत्रू नसतो, कॅमेरा असतो, आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला वार कळावा म्हणून तो मोठा आणि मोकळा करावा लागतो.

प्रतिसाद (दर्यापूर)

भोसल्यांच्या तलवारीची मूठ बदलली, तरी तिचा वार धारेनेच उतरत होता; उसनवारीला माझा विरोध कधीच नव्हता. वार मोठा असावा, हेही मान्य. परंतु तो प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर जाणारा असावा, त्याच्या तलवारीवर नव्हे. तसा मोठा वारही शेवटच्या रांगेतून स्पष्ट दिसतो. अँडरसन यांनी खेळलेल्या द्वंद्वांत असे काही वार आहेत, आणि त्याच क्षणी प्रेक्षक श्वास रोखतो. आर्वीच्या ताईंना एक विनंती आहे : मुलींची गिरकी सोडवताना आपण त्यांना कोणत्या क्रमाने पावले शिकवता, हे येथे सविस्तर लिहावे. त्यावर नंतर वेगळी चर्चा करता येईल.